अर्ध्या चढावर

३ ऑगस्ट

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

ठकी मजेत आहे. तुझ्या लेकीने माझ्या घरात येऊन मलाच शिस्त लावली. स्वतःच्या कुबड्या कुठेही टेकवते, माझे बूट मात्र जागच्या जागी हवेत.

यंदा शाळेच्या सिस्टरांनी आठवीची लेखी परीक्षा काढून टाकली. शाळेत कुणाला तरी खरोखर लागणारी वस्तू मुलांनी मापं घेऊन, कापून, जोडून करायची. शेजाऱ्यावरची प्रीती पाठ करून येत नाही, ती हातांनी करावी लागते, असं त्यांचं म्हणणं. वर्गाने ठकीसाठी गाडी करायचं ठरवलं. चॅपल टेकडीवर, पायऱ्या उभ्या. सगळे प्रार्थनेला वर जातात आणि ही एकटी खाली वर्गात बसून असते. म्हणून चढावर लाकडी रूळ, माथ्यावर रहाट आणि दोराने ओढायची गाडी. सुतारकाम शिकवायला मी आहेच.

तुझ्यापासून लपवत नाही. काल गाडीत वाळूची पोती घालून ओढली. अर्ध्या चढावर दोराची गाठ सुटली. गाडी सुसाट खाली आली आणि कुंपणाची भिंत फोडून थांबली. लागलं कुणालाच नाही. पण पोत्यांच्या जागी मला सारखी ठकी दिसते. सिस्टर म्हणतात, आईने हो म्हटल्याशिवाय पोर गाडीत बसणार नाही. काय ते कळव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा भाऊ


८ ऑगस्ट

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. मी हाडांच्या वॉर्डात काम करते रे. रोज प्लास्टर भिजवते. उंचावरून पडलेलं माणूस कसं दिसतं, ते मला सांगायला नको. जन्मापासून त्या पायांना जपत आले, ते काय तुमच्या घसरगुंडीवर ठेवायला? देवाला तिची प्रार्थना खालून ऐकू येत नाही, असं आहे का?

नाही म्हणजे नाही. सिस्टरांना माझा सलाम सांग आणि हेही सांग.

तुझ्यावर राग नाही, पण झोप उडाली आहे. तब्येतीला जप.
तुझी ताई


१३ ऑगस्ट

ती. आईस,
प्रेमाचा सलाम.

मामाने तुझं पत्र वाचून दाखवलं. वाचताना त्याचाच आवाज कापत होता, म्हणून मी चिडवलं नाही.

आई, भिंत फुटली तेव्हा मी खालीच होते. घरी येऊन उलटी झाली. मामाला सांगितलं, डबा बाधला. मलाही भीती वाटते. पण वर्गात सगळ्यांनी मला विचारलं, आता काय करायचं, आणि कधी नव्हे ते मला उत्तर येत होतं. रुळांच्या मधोमध खाचांची फळी ठोकायची. गाडीच्या पोटाला लोखंडी जीभ लावायची. गाडी वर जाताना जीभ खाचांवरून टकटक करत सरकते, मागे यायला लागली की खाचेत अडकते. खाली उतरताना जीभ गाडीतूनच उचलून धरायची, सोडली की पुन्हा अडकते. आता पोती भरून दोर मुद्दाम सोडला, तरी गाडी खाली येत नाही.

तू नाही म्हणालीस तर मी बसणार नाही. फक्त एकदा येऊन बघ. न बघता नाही म्हणू नकोस.

तुझी
ठकी


२१ ऑगस्ट

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप घरी पोचले. निघताना तुझ्याशी धड बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडले असते.

आधी मी बसते म्हणाले, तेव्हा तू हसलास. पोत्यांपेक्षा मी जड, म्हणजे परीक्षा चांगली होईल, असंही म्हणालास. ते लक्षात ठेवलंय. तू माथ्यावर रहाटापाशी होतास, म्हणून खालचं तुला कळलं नसेल. गाडी अर्ध्या चढावर आली आणि मी चुकून मागे पाहिलं. जमीन इतकी खाली गेली होती की मी दोन्ही हातांनी गाडीच्या कडा धरल्या. तेवढ्यात ठकीने खालून विचारलं, आई, दोर सोडायला सांगू का? मी मान हलवून हो म्हटलं.

दोर ढिला पडला. गाडी वीतभर मागे सरकली. तेवढ्यात मी मेले, असं समज. मग खालून टक झालं आणि गाडी थांबली. मी ठकीकडे पाहिलं. भिंतीला पाठ लावून उभी होती, ओठ पांढरे पडलेले, आणि नजर माझ्यावरून हलत नव्हती. आजवर मी तिच्याकडे जशी बघत आले, तशीच ती माझ्याकडे बघत होती.

भीती गेलेली नाही. जाणारही नाही. पण तिला बसू दे. कोणत्या दिवशी, ते मला आधी कळवू नकोस. ती वर जाऊन, प्रार्थना करून, खाली उतरली की मगच पत्र टाक.

दोघांना पोटभर माया.
तुझी ताई