फक्त गर्भपिशवी

आई, पोटावर गार जेली पसरून ती डॉक्टर मुलगी सोनोग्राफीचा दांडा डावीकडून उजवीकडे फिरवत होती, आणि मध्येच थांबून म्हणाली, "मॅडम, तुमची अंडाशयंही काढलीत ना?" मी म्हणाले, नाही, फक्त गर्भपिशवी. ती पुन्हा पडद्याकडे वाकली. "दिसत नाहीत. तशी या वयात बारीक होतात, कधी कधी सापडत नाहीत. ऑपरेशनचे कागद आहेत?" मी म्हणाले, कागद नाहीत, पण माझी आई नर्स होती, ऑपरेशनच्या वेळी आत उभी होती, तिनंच मला सांगितलं. मुलीनं मान हलवली आणि जेली पुसायला कागद दिला. "विचारलं एवढ्यासाठी की पाळी जाईपर्यंत अंडाशयं बाईच्या रक्तवाहिन्यांची थोडीफार राखण करतात. ती तरुणपणी काढली की राखण लवकर उठते. मग कोलेस्टेरॉल वाढायला लागतं, नुसतं पथ्य करून पुरत नाही." मी साडी नीट करत उठले. पंचावन्नाव्या वर्षीही मी तुझं बोलणं पुरावा म्हणून पुढे केलं होतं.

खरं तर मी यकृत दाखवायला गेले होते. दोन वर्षांपासून माझ्या रक्तात चरबी जास्त आहे. तुझ्या काळी हे श्रीमंतांचं दुखणं होतं. आता नांदेडात आमच्या गल्लीत पाळी गेलेल्या दर दुसऱ्या बाईला आहे. तूप बंद केलं, तळण बंद केलं, महिन्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवते. सकाळी पाऊण तास कॉलेजच्या मैदानावर चालते. आकडा हलत नाही. हृदयाचे डॉक्टर एकदा हसून म्हणाले, "मॅडम, घरच्यांची नजर चुकवून काही चालतं का?" घरी मी एकटीच असते. तरी त्या दिवशी परत येताना मी आठवून पाहिलं, खरंच काही खाल्लं होतं का. चार महिन्यांपूर्वी त्यांनी गोळी लिहून दिली. "रोज एक घेऊन टाका, कटकट मिटली." गोळ्या आणल्या, कपाटात ठेवल्या, पाकीट फोडलं नाही. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर शीर बंद पडायला वेळ लागणार नाही. मी हो म्हणते आणि घरी येते. त्यांचं ते 'कटकट मिटली' मी आधी ऐकलं होतं, तुझ्या तोंडून.

तेव्हा मी निलंग्याच्या शाळेत शिकवत होते. वय चौतीस, दोन लेकरं. जिल्हा नवा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि आरोग्य केंद्रातल्या तुझ्या रजिस्टरांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं असायचं. तू ते रेघ मारून खोडायचीस आणि वर लातूर लिहायचीस, प्रत्येक पानावर, ठसठशीत. पाऊस दोन वर्षं नव्हता. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. माझं अंगावरून जाणं महिन्याला अकरा-अकरा दिवस चालायचं आणि फडकी धुवायला पाणी नव्हतं. धुतलेल्या पाण्यातच पुन्हा धुवायची वेळ आली होती. तू शनिवारी मुक्कामाला आलीस, न्हाणीतली बादली पाहिलीस आणि पदर खोचून म्हणालीस, "किती दिवस हे करून राहिलीस? काढून टाकू पिशवी. कटकट मिटती." मी म्हणाले, एवढ्यात? "दोन लेकरं झाली की. आता काय करायची तिला?" मला तेव्हा तुझा राग आला नाही. मला बादलीपासून सुटका हवी होती. पुढच्या आठवड्यात आपण लातूरला गेलो, तुझ्या ओळखीच्या खाजगी दवाखान्यात. शुद्धीवर आले तेव्हा तू कॉटवर बसली होतीस. माझ्या कपाळावरचे केस मागे सारून तू सांगितलंस, "फक्त पिशवी काढली. बाकी सगळं हाय तसं हाय."

सोनोग्राफीनंतर चार दिवसांनी मी लातूरची बस धरली. तुझ्यासोबत आरोग्य केंद्रात काम करणारी मावशी अजून आहे, ऐंशीची, मुलाकडे राहते, डाळमिलच्या मागे. ओट्यावर बसून तूर निवडत होती. मला बघून म्हणाली, "किती वाळलीस गं. खाती का न्हाई काही?" मी म्हणाले, डॉक्टरांनी बंद केलंय. "त्यांचं काय, उद्या श्वास बी बंद करा म्हणतील." मी शेजारी बसले. थोडा वेळ मीही तूर निवडली. मग सरळच विचारलं. तिचा हात सुपात थांबला.

"तुला म्हाईत न्हाई?"

"नाही."

"मरेपर्यंत सांगितलं न्हाई तिनं?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी व्हते की तिथं. डॉक्टर म्हणले, सिस्टर, दोन्ही बाजू चांगल्या हायेत, ठेवू का? तर तुझी आई म्हणली, ठिवून काय लोणचं घालायचंय? सगळं काढा. पुन्हा माझ्या लेकीचं पोट उघडायला नको. लई कॅन्सरच्या बाया बघितल्या व्हत्या तिनं, भ्यायली व्हती. मी म्हणलं, बाई, तिला सांग तरी. तर म्हणली, न्हाई. लई शिकलेली हाय ती. पुस्तकं उघडून बसल आन मग रडत बसल."

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "जपायची बघ तुला लई," ती म्हणाली. तिनं चहा केला, बिनसाखरेचा, मला साखर चालते हे मी सांगितलं नाही.

बसमध्ये मला त्या बाया आठवत राहिल्या. सुट्टीत मी तुझ्यासोबत गावोगाव हिंडायची. ऑपरेशन झालेल्या बाईच्या बाजेवर बसून तू तिला सगळं सांगायचीस, काय कापलं, काय बांधलं, काय तसंच ठेवलं. दोन्ही हातांची बोटं वापरून दाखवायचीस. बाईची सासू दारातून डोकवायची, तिलाही बोलवून सांगायचीस. "तिचं अंग हाय, तिला कळाया नको?" हे तुझं वाक्य आहे. निरक्षर बायांना तू ते म्हणायचीस. मला तू कपाळावरून हात फिरवून खोटं सांगितलंस, आणि कारण हे की मला वाचता येतं.

आणि ती संक्रांत. ऑपरेशनला आठ महिने झालेत. तू तीळ घेऊन आली आहेस, स्वयंपाकघरात पाटावर बसून लाडू वळते आहेस. बाहेर गारठा आहे आणि मी पंखा लावून त्याच्याखाली उभी आहे, पाठीवरून घाम वाहतो आहे, ब्लाऊज दुसऱ्यांदा बदललेलं आहे. रात्र रात्र झोप नाही. आदल्या दिवशी वर्गात फळ्याकडे तोंड करून मी विनाकारण रडले आहे. माझा नवरा दारात येतो. "जानेवारीत पंखा? डोकं ठिकाणावर आहे का हिचं? मामी, तुम्ही नर्स आहात, सांगा हिला काहीतरी." मी तुझ्याकडे बघते. तू वर बघत नाहीस. तळहातावर पाणी लावतेस, पाकातले तीळ उचलतेस. "उष्ण प्रकृती हाय तिची," तू म्हणतेस, "लहानपणापासून." मग मला म्हणतेस, "सब्जा भिजवून पी सकाळच्याला." नवरा हसतो आणि निघून जातो. लाडू गोल झालेला असतो, तरी तू तो वळत राहतेस.

कापण्याचं मी एक वेळ समजून घेईन. तू भ्यायली होतीस. पण त्या स्वयंपाकघरात फक्त तुला माहीत होतं की अंडाशयं गेल्यामुळे माझ्या अंगात काय चाललं आहे, आणि तू ते माझ्या जन्मावर ढकललंस. मी ते मानलं. एकवीस वर्षं लोकांना सांगत आले, माझी प्रकृतीच उष्ण आहे, माझा स्वभावच तापट आहे. नवराही शेवटपर्यंत तेच समजून गेला. मी त्याला आणि लेकरांना जे बोलले त्यातलं किती माझं होतं आणि किती त्या काढून टाकलेल्या गोष्टीचं, हे आता वेगळं करता येत नाही. तुझ्यामागे मी बाकी सगळ्यांवर संशय घेतला, तेलावर, तुपावर, स्वतःच्या जिभेवर. तुझ्यावर नाही. आणि आता कुणी पांढऱ्या कोटातलं माणूस प्रेमानं सांगतं, घेऊन टाका, तेव्हा माझा हात पुढे होत नाही.

एक गोष्ट मावशीला सांगितली नाही, इथे लिहिते. ऑपरेशनच्या सकाळी कागद माझ्याच हातात दिला होता. दोन पानं होती, इंग्रजीत, टाईप केलेली. मला इंग्रजी येत होतं. मी एम.ए. होते, मुलांना शिकवत होते की ओळ पुन्हा वाचा, लिहिणाऱ्यानं काय गाळलंय ते बघा. त्या पानांवर काय होतं मला माहीत नाही. कदाचित सगळं लिहिलेलं असेल. तू म्हणालीस, "इथं कर," आणि मी तुझ्या बोटाशेजारी सही केली. तू असताना वाचायची गरज मला वाटली नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण तू सहीची हीच एक ओळ धरून बसली असतीस.

इथवर लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना ऑपरेशनचं खरं सांगितलं आणि म्हणाले, ही गोळी अंगात जाऊन काय काय करते ते मला सांगा, मी बसले आहे. त्यांनी दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली. किती वर्षं घ्यायची, हातपाय दुखले तर काय करायचं, तीन महिन्यांनी कोणती तपासणी, सगळं सांगितलं. मी चार प्रश्न विचारले. एकाचं उत्तर त्यांना नीट माहीत नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं. घरी येऊन पाकीट फोडलं आणि पहिली गोळी घेतली.