जहाजावर कुणाचा फोटो

३ जून २००५
तहसीलचा शिपाई दुकानात कागद देऊन गेला. नौदलाचं नवीन जहाज तयार होतंय, त्याला दादाचं नाव. लान्स नायक माणिक ढोबळे, वीर चक्र. चारदा वाचलं. शिवायला घेतलेलं कॉलेजचं ॲप्रन तसंच मशीनमध्ये अडकून.
दादा एकाहत्तरच्या लढाईत गेला तेव्हा मी दहा वर्षांचा. एवढ्या वर्षांनी कुणीतरी आठवण ठेवली. बरं वाटलं, फार बरं वाटलं. गिऱ्हाइकासमोर डोळे पुसले.
बायकोचा, सुमनचा, प्रश्न: "पायदळातल्या माणसाचं नाव पाण्यातल्या जहाजाला कसं?" मला काय माहीत. दादानं समुद्र पाहिला होता की नाही, तेही माहीत नाही.

५ जून
शिरूर अनंतपाळला वैनींना फोन. (दादा गेल्यापासून त्या माहेरीच. अंगणवाडी चालवतात.) नौदलाची रीत अशी की जहाजाला नारळ बाईच्या हातून फुटतो, म्हणून वैनींना मुंबईला बोलावलंय. वैनींनी सगळं ऐकून घेतलं. मग, "भावजी, नारळ फोडते. पण भाषण करा म्हनले तर मी न्हाई."

८ जून
मुंबईहून नौदलाच्या साहेबांचा फोन. मराठी माणूस, बोलणं गोड. जहाज तेल वाहून नेणारं, टँकर म्हणतात. सु. म्हणते, आपल्या गल्लीत येतो तसला का.
साहेबांना दादाचा फोटो हवाय. जेवणाच्या हॉलमध्ये मोठ्या फ्रेममध्ये लावणार, जहाज असेल तोवर राहणार. पुढे म्हणाले, "गावच्या शाळेतल्या चित्राची प्रत तहसीलने पाठवलीय. सुंदर आहे. तीच घेतो." मी हो म्हणालो. का म्हणालो?
रोजनिशीत तरी खरं लिहावं. ते चित्र दादाचं नाही, माझं आहे.
त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं, लोखंडी पेटी गेली, तिच्यात दादाचे दोन्ही फोटो आणि पदक. पुढे नवीन गावात शाळा झाली तेव्हा दादाचं चित्र हवं म्हणून सगळ्यांनी धरलं. आणायचं कुठून? सरपंच म्हणाले, "तू हायस की. हुबेहूब माणिक." मीच वर्दी शिवली, मीच घातली, लातुरात करीमभाई पेंटरसमोर तीन दुपारी स्टुलावर बसलो. मिशी त्यांनी पदरची लावली.
तेव्हापासून झेंडावंदनाला माझ्या तोंडाला हार पडतो. खाली उभा राहून मी पण हात जोडतो.

१३ जून
ॲडमिशनची गर्दी. देवाच्या दयेनं दुकानात उभं राहायला जागा नाही. भूकंपानं गावाबाहेर काढलं, या क्लासवाल्या पोरांनी लातुरात वसवलं, असंच म्हणायचं.
हिमायतनगरच्या एक बाई मुलीचा ड्रेस शिवायला आल्या. भिंतीवरची चित्राची लहान प्रत बघून म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही मिलिटरीत होते का? मिशी कामून काढली?"
दहा वर्षांत गावात कुणी हे बोललं नाही. या बाईनं माप देता देता ओळखलं. मुलीच्या बाहीचं माप दोनदा चुकलो.

१४ जून
करीमभाईंकडे गेलो. फ्लेक्स आल्यापासून ब्रशचं काम कमी, पण अजून क्लासच्या पाट्या रंगवून राहिलेत. ऐकून खूप हसले. "शाळेपर्यंत ठीक होतं रे. आता सरकारी जहाजावर बसून दुनिया फिरून येतो का तू?" मग हसणं थांबलं. "सांगून टाक. मिलिटरीवाले कागद टाकत न्हाईत. कुठं ना कुठं त्याचा फोटू असंल."
दुपारी साहेबांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, आता रागावतील, कार्यक्रमच रद्द होईल. साहेब नुसते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." पलटणीकडे विचारतो म्हणाले. पण महिनाअखेर फ्रेम करायला जाणार. दुसरा फोटो नाही मिळाला तर हेच चित्र.

२५ जून
पाकीट आलं. एकच फोटो, अख्ख्या तुकडीचा, लढाईच्या आधीचा. चार रांगा, सदतीस माणसं. नावं नाहीत. साहेबांची चिठ्ठी: यातले आपले बंधू कोणते, खूण करून कळवावे.
दुकान बंद केलं, भिंग घेऊन बसलो. पहिल्यांदा वाटलं, बघताच ओळखेन. नाही ओळखलं. सख्खा भाऊ. त्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, आणि तोंड म्हणून आठवतंय ते करीमभाईंचं चित्र.
शेवटी दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा सापडला. तेच नाक, तीच हनुवटी. हाच दादा. जीव भांड्यात पडला. तरी खूण केली नाही. वैनींना दाखवल्याशिवाय नको.

२६ जून
एस.टी.नं शिरूर. पाया पडलो आणि आधी चित्राचं सांगितलं. वैनी तांदूळ निवडत होत्या, वर बघितलंही नाही.
"ठावं हाय मला. पडदा काढला त्याच दिशी वळखलं."
"मग बोलला का न्हाईत?"
"तुमची आई रोज शाळेपतूर चालत जायची ते बघायला, मला सांगायची. घर गेलं, पेटी गेली. म्हनलं, तेवढं तरी राहू द्यावं तिला."
आई चार वर्षं तशी जात होती. मला वाटायचं, पाय मोकळे करायला जाते.
वैनींनी माझी चोरी माझ्या आईसाठी दहा वर्षं पोटात ठेवली. पाणी मागून प्यालो.
मग फोटो काढून दिला. वैनींनी हात पदराला पुसले, फोटो दारातल्या उजेडात नेला. मी मागून माझ्या माणसावर बोट ठेवलं. "हे ना?"
"हे तुमच्यावानी हाय. त्यांच्यावानी न्हाई."
आणि लगेच, काही शोधाशोध न करता, शेवटच्या रांगेतल्या कडेच्या माणसावर बोट. बुटका, मोठ्या कानांचा, रुंद तोंडाचा. बाकी सगळे ताठ उभे, हा एकटा दात काढून हसतोय. माझ्याशी एक रेघ जुळत नाही.
"हे. फोटू काढताना कधी गप ऱ्हायाचे न्हाईत." एवढं बोलून वैनी पुन्हा तांदळाकडे वळल्या. फोटो मात्र संध्याकाळी मी निघेपर्यंत मांडीवरून काढला नाही.

२८ जून
खूण करून फोटो पाठवला. रात्री सु. नं विचारलंच, "वैनींना नक्की आठवतंय ना?" लग्नानंतर दादा दोनदा सुट्टीवर आला. सगळं मिळून दोन-अडीच महिन्यांचा संसार. पण मी दहा वर्षं सोबत राहिलो, आणि मी कुणावर बोट ठेवलं?

३० जून
साहेबांचा फोन. अडचण आहे. पाहुण्यांच्या पत्रिकेवर माझं चित्र छापून गेलंय, आणि वरचे साहेब विचारतात, दोन चेहरे इतके वेगळे कसे? आणखी कुणी ओळखणारं आहे का? नाही. आई नाही, सरपंच नाहीत, त्या वयाची गावातली माणसं भूकंपात गेली. मग म्हणाले, लेखी द्या, मी पाठपुरावा करतो, पण शब्द देत नाही. भला माणूस. आमच्यासाठी एवढी खटपट करतोय.

२ जुलै
पुन्हा शिरूर. वैनींनी सही केली, अंगणवाडीच्या रजिस्टरवर करतात तशी पूर्ण नावाची. मी खाली लिहिलं, "हा माझा सख्खा भाऊ माणिक. शाळेतले चित्र माझे आहे." सही केली, तारीख घातली. पोस्टात टाकून आलो.
फ्रेममध्ये कोण लागतो ते मुंबईला गेल्यावरच कळेल. माझं चित्र लागलं तर वैनींना त्याच जहाजावर नारळ फोडावा लागेल, आणि त्या काही बोलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्याचीच भीती आहे.
पण दादा हसरा होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. वैनींचे उपकार.