मामांच्या घोडीचं रक्ताभिसरण

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा राग उतरला असेल, असं धरून चालतो. मी ठणठणीत आहे. (पडसं सोडून; पण पडशाला मी आजारात धरत नाही.) लंगडते म्हणून तुम्ही आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आणून सोडलेल्या घोडीचा पाय अगदी बरा झाला. फक्त सोमवारी तिला कायमचं झोपवायचं, असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलंय. घाबरू नका, मी आहे ना!

झालं असं, की जनावरांच्या अंगात रक्त किती वेगानं फिरतं हे मोजायचं डॉक्टरांच्या डोक्यात आलं. कृती सोपी. मानेच्या शिरेत थोडंसं ईथर टोचायचं. ते रक्ताबरोबर हृदयातून फुफ्फुसात पोचलं की श्वासाला त्याचा उग्र वास येतो. तेवढा वेळ मोजला की काम फत्ते! आता टोचणाऱ्याचे हात ईथरनं माखलेले, त्याला सगळीकडे तोच वास. म्हणून हुंगायचं काम दुसऱ्यानं करायचं. चांगलं नाक कुणाचं, असं विचारताच मी पुढे झालो. (नोकरी पक्की व्हायची आहे, मामा. अशा वेळी मागे राहून चालत नाही.)

डॉक्टरांनी सुई टोचून घड्याळ सुरू केलं. मी घोडीच्या नाकपुडीला नाक लावून उभा. "आला?" "नाही." "आता?" "छे!" निरोगी घोडीत हा काही सेकंदांचा खेळ असतो म्हणे. इथे डॉक्टरांचा हात अवघडला, घोडीनं माझी कॉलर चघळून संपवली, तरी माझं आपलं ठाम "नाही"च. उगाच हो ला हो करणारा माणूस मी नव्हे. शेवटी डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, हिचं हृदय कामातून गेलंय, आता हिचे हाल नकोत. माझ्या चिकाटीचं मात्र चारचौघांत कौतुक केलं. मग त्यात पडशाचा विषय काढणं मला बरं दिसेना. पण जाताना घोडीनं माझ्या खांद्यावर मान टाकली आणि मी लगेच हे पत्र लिहायला बसलो हो.

मामींनाही नमस्कार सांगा.

तुमचा कर्तबगार भाचा

ता. क. हे पत्र टपालानं आलेलं नाही. मागचं फाटक उघडून घोडीला घरच्या रस्त्याला लावलंय आणि पत्र तिच्या गळ्यात बांधलंय. ज्या अर्थी तुम्ही हे वाचताय, त्या अर्थी मधला सगळा चढ ती चढून आली आणि तिचं हृदय उत्तम आहे. तसं डॉक्टरांना लगेच कळवा. माझ्या नाकाबद्दल मात्र चकार शब्द काढू नका.

आणखी एक ता. क. घोडी पोचली नसेल, तर तेही ताबडतोब कळवा.