मुक्त बाजारात वाढलेले केस

तीर्थस्वरूप मामा यांस, भाच्याचा साष्टांग नमस्कार (दुकानात गिऱ्हाईक असल्यामुळे तूर्त मनातल्या मनात).

आपली तब्येत ठीक असेलच, कारण सरकारी माणसाची तब्येत निवृत्तीच्या आधी बिघडत नाही, असं मामीच सांगत असतात. त्यांच्या गुडघ्यांना विचारल्याचं सांगा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची भाचेसून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. पोरगी अभ्यासाला लागली आहे. माझी प्रकृती मानेपर्यंत उत्तम आहे. मानेच्या वरच्या भागाबद्दल पुढे लिहितो.

तुम्ही नगरपालिकेच्या दुकानं खात्यात साहेब आणि मी सलूनवाला, त्यामुळे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला मी तुम्हाला गाठून सरकारच्या नावाने बोटं मोडत आलो आहे. परवाना कशाला, पाटीची लांबीरुंदी कशाला, आणि संघटनेने ठरवलेल्या दरपत्रकावर तुमच्या खात्याचा शिक्का कशाला, माझ्या कात्रीचं मोल माझं मला कळत नाही का, वगैरे. तुम्ही दर वेळी जिलबी संपवून (मागच्या वेळी माझ्या पानातलीही) नुसते हसायचात. मामा, आता हसायचं असेल तर हे पत्र संपेपर्यंत थांबा, कारण हसण्यासारखा मजकूर पुढे वाढत जातो.

याच्या मुळाशी आमचे एक गिऱ्हाईक, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत. ते महिन्यातून एकदा येतात. त्यांचे केस दहा मिनिटांचे, पण व्याख्यान तासाभराचं असतं, म्हणून मी कात्री नुसतीच हवेत चालवत ऐकत राहतो. बाजाराला मोकळा सोडला की एक अदृश्य हात सगळं जागच्या जागी आणतो, असं ते म्हणाले. माझ्या धंद्यात दोन दिसणारे हात लागतात आणि तेही संध्याकाळी भरून येतात, त्यामुळे तिसऱ्याची कल्पना मला फारच आवडली. दुसऱ्याच दिवशी मी संघटनेचा राजीनामा दिला, शिक्क्याचं दरपत्रक भिंतीवरून उतरवलं आणि निम्म्या दराची पाटी रंगवून दारात लावली. (पाटी नियमापेक्षा मोठी आहे. हे मी साहेबांना नाही, मामांना सांगतोय.)

आता समोरच्याबद्दल. रस्त्याच्या पलीकडे बरोबर माझ्या दारासमोर त्याचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे, कारण दोघांचेही परवाने तुमच्याच सहीचे. आम्ही एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो आणि एकाच वर्षी दुकानं थाटली. सलूनवाल्याची एक अडचण गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही: त्याला जगाचे केस कापता येतात, स्वतःचे नाही. म्हणून इतकी वर्षं दर सुट्टीच्या दिवशी, अर्धं शटर ओढून, मी त्याचे केस कापायचो आणि तो माझे. पैशाचा प्रश्नच नव्हता. तो कापता कापता आठवडाभराचं गाऱ्हाणं सांगायचा, मग खुर्ची बदलून मी माझं सांगायचो. माझ्या डोक्यामागे एक भोवरा आहे, तो कसा बसवायचा हे जगात त्या एकालाच जमतं.

तर माझी पाटी लागली आणि पहिल्या दिवशी दुकानाबाहेर रांग. मी हवेत होतो. दुसऱ्या दिवशी समोर माझ्याहून कमी दराची पाटी. मी डोक्याची मालिश फुकट केली. त्याने चहा ठेवला. मी चहाबरोबर बिस्किटं ठेवली. त्याने दुसरा पंखा बसवला. मी दोन वर्तमानपत्रं सुरू केली, एक सरकारच्या बाजूचं आणि एक विरोधातलं, म्हणजे गिऱ्हाईक कुठल्याही मताचं असो, रागावून उठून जायला नको. मग त्याने दाढी फुकट केली आणि मी, मामा, रागाच्या भरात, सगळंच फुकट केलं. संध्याकाळपर्यंत त्यानेही केलं.

तुम्हाला वाटेल, गर्दी लोटली असेल. लोटली. पण माणसाच्या डोक्यावर केस किती असतात याचा विचार अर्थशास्त्रात कुणी केलेला दिसत नाही. पहिल्या आठवड्यात सगळा रस्ता चकचकीत झाला. दुसऱ्या आठवड्यात तेच लोक पुन्हा आले आणि उरलेले कापा म्हणाले. बँकेतले कॅशियर सकाळी समोर दाढी करून चहा घ्यायचे आणि दुपारी माझ्याकडे बिस्किटांसाठी यायचे, गालावर काहीतरी शोधून काढा म्हणायचे. निवृत्त पोस्टमास्तरांना तर टक्कलच आहे, पण ते मालिशीला बसायचे, खुर्चीतच झोपायचे आणि उठवलं तर ग्राहकाच्या हक्कांबद्दल बोलायचे. दुकान भरलेलं, गल्ला रिकामा आणि कापायला केस नाहीत, अशी अवस्था झाली. तुमची भाचेसून तेव्हाच बोलायची थांबली. त्याआधीचं तिचं शेवटचं वाक्य बिस्किटांच्या बिलाबद्दल होतं, ते इथे लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगितलीच पाहिजे, मामा, ती मी कुणालाच सांगितलेली नाही. एका दुपारी ब्लेडचं पाकीट संपलं होतं आणि खुर्चीत नवीन गिऱ्हाईक. जुनं ब्लेड वस्तऱ्यात तसंच होतं. प्रत्येक माणसाला नवं ब्लेड, हा तुमच्या खात्याचा नियम, आणि त्यावरून मी तुम्हाला सगळ्यात जास्त बोललो आहे. एवढं सगळं फुकट चाललंय, त्यात एक ब्लेड वाचवलं तर कोणाला कळणार आहे, असं मनात आलं. हात गालापर्यंत गेला सुद्धा. मग मला स्वतःचीच शिसारी आली. गिऱ्हाइकाला बसवून ठेवलं आणि धावत जाऊन पाकीट घेऊन आलो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपल्या मामांचा शिक्का नुसता निळ्या शाईचा नव्हता.

प्राध्यापकांना उपाय विचारला. ते म्हणाले, काळजीचं कारण नाही, दोनपैकी एक दुकान बंद पडेल आणि बाजार आपोआप स्थिरावेल. मी विचारलं, कुठलं. ते म्हणाले, सिद्धांताला त्याने फरक पडत नाही. (या वेळी त्यांचे केस आधीच कापलेले होते. समोरचा चहात आलं घालतो, म्हणाले.) मी आरशात पाहिलं. आरशात माझ्या खांद्यावरून पलीकडचं दुकान दिसतं. तो एका टकलावर कंगवा फिरवत होता, आणि त्याचे स्वतःचे केस कानांवरून कॉलरपर्यंत उतरले होते. माझेही तितकेच. कारण सुट्टीचे दिवस येत होते आणि दोन्ही शटर पूर्ण बंद राहत होती.

या केसांपायी माझे फार हाल झाले. दोन आरसे धरून मी स्वतःच प्रयत्न केला, तर कानामागे तळहाताएवढी मोकळी जागा तयार झाली. पोरगी शाळेच्या फाटकापाशी मला ओळख दाखवत नाही. लोक माझं डोकं पाहून समोर जातात आणि त्याचं डोकं पाहून परत माझ्याकडे येतात. म्हणजे स्पर्धा अजूनही बरोबरीतच आहे.

तेव्हा साहेब (आता मामा नव्हे), माझी विनंती अशी की, केवळ जनहित लक्षात घेऊन आपल्या खात्याने या रस्त्यावर केस आणि दाढीचा किमान दर ताबडतोब लागू करावा, फुकट मालिश, चहा व बिस्किटं यांना बंदी घालावी आणि शिक्क्याचं दरपत्रक दोन्ही दुकानांत सक्तीने लावावं. नोटीस जरा दरडावून लिहिलेली असावी. तुम्हाला या विषयात स्वतःचा काडीचाही स्वार्थ नाही, हे तुमचं डोकं पाहून कुणालाही पटेल. इतका निःपक्षपाती अधिकारी सरकारला शोधून सापडायचा नाही.

मामींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो मागच्या वीस वर्षांच्या बोलण्यामुळे कमी झाला नसावा ही आशा.

आपला भाचा

ता. क. दराचं काय, तो आम्ही दोघं रस्त्यात उभं राहूनही एका शब्दात वाढवू शकतो. तो पहिला शब्द कुणी बोलायचा, एवढंच अडलंय. मी पाटी आधी लावली म्हणून मी बोलावं, असं त्याला वाटत असणार, आणि फुकट दाढी त्याने आधी केली म्हणून त्याने बोलावं, असं मला वाटतं. तेव्हा नोटिशीत शेवटी एक कलम घाला की दोन्ही दुकानदारांनी येत्या सुट्टीला एकाच दुकानात हजर राहावं. कुठल्या कायद्याखाली ते तुम्ही बघा. मामा, मला त्याच्यावाचून करमत नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आत हे लिहितोय. आज सुट्टी. मी एकटाच दुकानात बसून हे पत्र पुन्हा वाचत होतो, तर शटरखालून वाकून समोरचा आत आला. हातात त्याची कात्री. “मान खाली घाल,” म्हणाला, आणि एवढंच. मी घातली. डोळे भरून आले होते, त्यामुळे तशीही मान वर करता आली नसती. भोवरा त्याने पहिल्या फटक्यात बसवला. सगळं छान चाललं होतं. मग मी त्याला या पत्राबद्दल सांगितलं, तर म्हणाला, लावू दे त्यांना दर, पण तुझा जास्त हवा, तुझा हात माझ्याहून चांगला आहे. मी म्हटलं, अजिबात नाही, उस्ताद नेहमी तुझंच नाव घ्यायचे, जास्त दर तुझा. तो म्हणाला, तुला काही कळत नाही. मी म्हटलं, तुला कधी कळलंय. शब्दाने शब्द वाढला आणि तो कात्री घेऊन तरातरा निघून गेला. आता तो त्याच्या दारात उभा आहे आणि मी माझ्या. मामा, पोस्टाच्या भरवशावर राहू नका, तुमची भाचेसून स्वतः हे पत्र घेऊन निघाली आहे (बिस्किटांनंतर आज पहिल्यांदा बोलली, आणि हसली सुद्धा). मिळेल त्या रिक्षात बसा आणि या. सरकारने ताबडतोब हस्तक्षेप करावा, कारण माझं डोकं अर्धंच झालंय आणि त्याचं तर अजून सुरूही झालेलं नाही.