मॉसगिल लेन हा रस्ता नाही

११ फेब्रुवारी, मंगळवार
जीप आली. १९७९ची, हिरवी, मागचा फाळका थोडा गंजलेला. वरच्या फार्मच्या लिलावात मिळाली. लॉरीवरून अंगणात उतरवली तेव्हा मॉरीन खिडकीत उभी होती. काही बोलली नाही. आनंद झाला की ती बोलत नाही.
आज तिचं डोळ्याचं इंजेक्शन होतं. दर चार आठवड्यांनी तीस मैलांवरच्या हॉस्पिटलात मीच नेतो, कारण तिला आता गाडी चालवायला मनाई आहे. पण लॉरी नेमकी त्याच वेळेला आली. चर्चमागच्या बेरिल ऑल्डरसनने नेलं. एवढं एकदाच.
संकल्प: ईस्टरच्या आत मॉसगिल लेन चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. चार मैल, नुसती माती आणि दगड.

१५ फेब्रुवारी
शेजारचा केनेथ कुंपणावरून डोकावला. तीस वर्षं पोलिसात होता, रिटायर झाला तरी अंगातला पोलीस उतरलेला नाही. विचारलं, विमा काढलास का. म्हटलं, डांबरावर नेणारच नाही, विमा कशाला? त्यावर भाषण. मॉसगिल लेनवर गाड्यांना परवानगी आहे, म्हणजे कायद्याने तो सार्वजनिक रस्ता. बाजारपेठेत जे लागतं ते सगळं तिथे लागतं: लायसन्स, नोंदणी, विमा, दोन्ही बाजूंना नंबरप्लेट. जीप चाळीस वर्षांहून जुनी आहे म्हणून वार्षिक तपासणी माफ, रोडटॅक्स माफ, पण ती माफीही अर्ज करून घ्यावी लागते. विमा कुणालाच माफ नाही. सूट फक्त स्वतःच्या किंवा परवानगी दिलेल्या खाजगी जमिनीवर.
मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. रस्ता म्हणजे काय हे मला केनेथने सांगायचं?
जळतो आहे. त्याच्याकडे जीप नाही.

११ मार्च, मंगळवार
कार्ब्युरेटर उघडून टेबलावर मांडला होता. अशा अवस्थेत सोडून जाणं म्हणजे तो घालवणं. मॉरीनला बेरिलने नेलं. योगायोग.
मॉरीनने आठवण करून दिली की माझ्या लायसन्सवर आधीच दंडाचे सहा पॉइंट आहेत, बारा झाले की लायसन्स जातं. दोन्ही वेळा कॅमेऱ्याने वेग चुकीचा मोजला, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. शिवाय ते डांबरी रस्त्यावरचे पॉइंट. त्यांचा इथे संबंध नाही.

२२ मार्च, शनिवार
पहिली फेरी. खालच्या फाटकापासून ओढ्यापर्यंत, अर्धा मैल. ओढा पार केला नाही, मुद्दामच. मागची नंबरप्लेट पडलेली आहे, पण मागून बघायला तिथे कोण आहे? मेंढ्या.
अतिशय प्रसन्न.

२९ मार्च, शनिवार. दुपारी १२.४०
दाराला आतून कडी घातली आहे. थंडी आहे म्हणून.
ओढा पार झाला. चढावर गियर दुसरा, वेग बेताचा. वळणावर दोन्हीकडे दगडी भिंती, मध्ये एक गाडी कशीबशी जाईल एवढी जागा, आणि समोर घोडा. ब्रेक दाबला. जीप चिखलावरून घसरत पुढेच गेली. घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि भिंतीला घासला. वरची बाई मानेला मिठी मारून लोंबकळत होती. हिरवं जाकीट. बेरिल.
पडली नाही. हे मी नक्की पाहिलं.
थांबलो नाही. थांबलो असतो तर घोडा आणखी बिथरला असता. इंजिन बंद-चालू करणं जनावराला अपायकारक असतं. भिंतीतल्या फटीतून शेतात वळलो आणि खालच्या वाटेने घरी आलो.
टोपी होती, मफलर होता. ओळखलं नसणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
जीपवर ताडपत्री घातली. मॉरीनने विचारलं, पाऊस येणार आहे का. म्हटलं, येण्याची शक्यता आहे. आकाश निरभ्र होतं.

३० मार्च, रविवार
चर्चला गेलो नाही. घसा.
मॉरीन जाऊन आली. बेरिलचा गुडघा भिंतीवर चिरला, सात टाके. घोडा लंगडतो आहे. हे सांगून मॉरीन बटाटे सोलायला बसली. एकही प्रश्न विचारला नाही. सालं फार पातळ निघत होती. ती अशी सोलते तेव्हा मला स्वयंपाकघरात थांबवत नाही.
बेरिलकडे जावं असा विचार आला. पण जाऊन काय सांगायचं? जाणं म्हणजे कबुली. कायदेशीर बाब आहे, भावनेच्या भरात काही करू नये.

१ एप्रिल
कुणी आलं नाही.

२ एप्रिल
पोस्टमनची व्हॅन दारात थांबली तेव्हा मी जिन्याखालच्या कपाटात होतो. बूट शोधत.

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी १०.१५
पोलीस आली. कॉन्स्टेबल फॅरर, वय पंचवीस असेल. बूट दाराबाहेर काढून आत आली, मॉरीनने चहा दिला. मी ठरवलं होतं की एक शब्दही बोलायचा नाही.
तिने फक्त एवढंच विचारलं की ताडपत्रीखालची गाडी कुणाची, आणि शनिवारी ती मॉसगिल लेनवर कोण चालवत होतं. नोंदणीकृत मालकाला याचं उत्तर द्यावंच लागतं म्हणे.
इथे तत्त्वाचा प्रश्न होता. मी शांतपणे समजावलं की लेनवर डांबर नाही, सबब ती रस्ता नाही, सबब मी ती चालवत असताना विमा आवश्यक नव्हता. तिने सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं.
ती गेल्यावर मॉरीन म्हणाली, "तिला तेवढंच हवं होतं, नॉर्मन."
मग कप धुताना, पाठमोरी: "बेरिलच्या पायाला सात टाके आहेत. तू अजून तिच्या दारात गेलेला नाहीस."
मी वर आलो. डोकं दुखतं आहे.

५ एप्रिल
बेरिलकडे गेलो. फुलं नेली. दार तिनेच उघडलं, काठी टेकत. मी हवामानाबद्दल बोललो, घोड्याची चौकशी केली. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मिस्टर आयव्हसन, मी तुमच्याकडे बघून हात केला होता. थांबा म्हणून."
म्हटलं, धुकं होतं.
धुकं नव्हतं. ती फुलं घेऊन आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. त्याचंच जास्त वाटलं.

८ एप्रिल, मंगळवार
इंजेक्शन. आज मी नेणार होतो, किल्ली हातात होती. पण मॉरीन म्हणाली की बेरिलशी आधीच ठरलंय, गुडघा आता बरा आहे, गाडी ऑटोमॅटिक आहे, क्लच दाबावा लागत नाही. सात टाक्यांनिशी! बाईला हौसच दिसते.

६ मे
कोर्टाचा कागद आला. विमा नाही, मागे नंबरप्लेट नाही. विम्याचे किमान सहा पॉइंट. सहा आणि सहा. बेरीज मला येते.
दिवसभर टेप घेऊन लेनची रुंदी मोजली. ठिकठिकाणी. बचावाला आकडे लागतात. मॉरीनला बेरिलने नेलं.

३ जून
बचावाचं निवेदन: चौदा पानं, तीन नकाशे. १८४७ सालच्या नकाशात लेन तुटक रेघेने दाखवली आहे. तुटक! लायब्ररी फक्त मंगळवारी, म्हणजे इंजेक्शनच्याच दिवशी, पूर्ण दिवस उघडी असते, याला मी काय करणार.

२८ जून
केनेथ आला. या वेळी कुंपणावरून नाही, दाराने. आवाज खाली घेऊन बोलला. गुन्हा कबूल कर, नकाशे घरी ठेव. बारा पॉइंट झाले तरी कोर्टाला एक मुभा असते: लायसन्स गेल्याने घरातल्या कुणाचे असाधारण हाल होणार असतील, तर ते राहू देतात. मॉरीनला साक्षीला उभी कर. तिचे डोळे, तीस मैल, बस नाही, आणि तूच एकटा नेणारा. एवढं पुरे आहे.
सल्ला बरा आहे. माझ्याही मनात तेच होतं. पण आधी चौदा पानं. हाल ही दुसरी फळी.

१ जुलै
पान नऊ पुन्हा लिहिलं. इंजेक्शन: बेरिल.

१७ जुलै, गुरुवार. रात्रीच्या जेवणाआधी
जसं घडलं तसं लिहितो.
तिघं न्यायासनावर, मध्ये चष्मेवाल्या बाई. मी उभा राहिलो. तिसऱ्या पानापर्यंत त्यांनी ऐकलं. मग हात वर केला.
"मिस्टर आयव्हसन, या लेनवर मोटारी नेण्याचा लोकांना हक्क आहे का?"
म्हटलं, अर्थातच. पूर्ण हक्क आहे. म्हणून तर मी गेलो.
"मग तो रस्ता आहे," त्या म्हणाल्या आणि लिहू लागल्या.
अकरा पानं हातात राहिली.
नंतर हालांचा मुद्दा. मॉरीनला शपथ दिली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, धीर द्यायला. तिला मी तेवढ्या अंतरावरून दिसत नाही, हे नंतर लक्षात आलं. बाईंनी सौम्यपणे विचारलं की हॉस्पिटलात कोण नेतं.
मॉरीनने कठडा धरला. कठड्यावरची तिची बोटं पांढरी झाली होती. तिला खोटं बोलायचं असतं तर मला कळलं असतं. बेचाळीस वर्षांत ती माझ्यासाठी काय काय खोटं बोलली आहे. पण आज हात बायबलवर होता.
"जानेवारीत नॉर्मनने नेलं होतं."
"आणि त्यानंतर?"
"बेरिल नेते. मिसेस ऑल्डरसन. सहाही वेळा."
बाईंनी समोरचा कागद उलटला. तक्रारदाराचं नाव वाचत असाव्यात. मग पुन्हा मॉरीनकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.
सहा महिने लायसन्स बंद. तिथल्या तिथे टेबलावर ठेवून यावं लागलं.
परतताना केनेथने गाडी चालवली. मागे बसून मॉरीन म्हणाली, "मला खोटं सांगता आलं नाही रे." मी म्हटलं, काही हरकत नाही, अपिलाला वाव आहे. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला बाहेरचं काय दिसत असेल मला माहीत नाही. विचारायला हवं होतं.

१९ जुलै
अपील करत नाही. वेळ नाही म्हणून.
जीप वरच्या फार्मवाल्यालाच परत दिली. शेतातच वापरणार म्हणाला.

२९ जुलै, मंगळवार
इंजेक्शन. मॉरीनला विचारलं, मी येऊ का. म्हणाली, बेरिलला विचार. विचारलं. बेरिल म्हणाली, मागे जागा आहे.
दोघी पुढे. तीस मैल त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. कुठल्या वळणावर मॉरीनला मळमळतं, आणि तिथे बेरिल काच खाली करते, हे मला आज कळलं.
वेटिंग रूममध्ये एक तास दहा मिनिटं. नर्सने मॉरीनला नावाने हाक मारली, बेरिललाही. माझ्याकडे बघून म्हणाली, तुमचा नंबर कितवा? म्हटलं, मी नवरा. ती म्हणाली, अच्छा.
मॉरीन बाहेर आली तेव्हा डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यातूनही पाणी येत होतं. दारात थांबून तिने डावा हात पुढे केला. मी उठलो, तिच्या डाव्या बाजूलाच उभा राहिलो. तिची बोटं माझ्या बाहीला लागली, कोटाचं कापड चाचपलं आणि सुटली.
"बेरिल?" ती म्हणाली.
पुढच्या वेळी मी काहीतरी बोलून उभा राहीन.