दोरी न ओढल्याचे दिवस

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

शनिवारच्या पानावर मी लिहिलंय — ‘काल शांताबाईंनी लाइनची दोरी चुकून ओढली.’ ते खोटं आहे. चुकून नाही ओढली. बघून, समजून ओढली.

ते वाक्य ऑफिसच्या कागदावरचं. तिथे लिहिलं ते लिहिलं, इथे कशाला उतरवलं? या वहीला कोण विचारायला येणार होतं? पान फाडणार नाही. राहू दे तसंच, वर तारीख टाकून ही दुरुस्ती.

झालं ते असं. शुक्रवारी, ३१ तारखेला, दुपारी जेवणानंतर. आमच्या कारखान्यात गॅसच्या शेगड्या बनतात. दोन नंबरच्या लाइनवर शांताबाई शेगडीच्या कॉकला साबणाचं पाणी लावून हवा सोडतात. बुडबुडा आला की गळती. हजारात एखादा येतो, तो बाजूला ठेवायचा. शुक्रवारी लागोपाठ तीन आले. त्यांनी हात वर केला आणि पिवळी दोरी ओढली. घंटा वाजली, लाइन थांबली. अकरा मिनिटं.

जूनमध्ये जपानहून तानाबे-सान तिकडची कामाची पद्धत शिकवायला आले होते तेव्हा ही दोरी बसवली. काही बिघडलेलं दिसलं की कोणीही ओढायची, हाच नियम. तेव्हापासून एकानेही ओढली नव्हती.

यज्ञेश्वर सरांनी — कारखान्याचे मॅनेजर — मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. म्हणाले, बाई साधी आहे, तिचं नुकसान व्हायला नको. “‘चुकून ओढली गेली’ असं तिचं निवेदन लिहून घे. विषय संपतो.” मला ते चांगुलपणाचं वाटलं! एचआरमध्ये सहाच महिने झालेत मला.

शांताबाईंना सही येते, वाचायला जमत नाही. विचारत होत्या, “काय लिवलं व पोट्टी?”

मी म्हटलं, “तुमच्या भल्याचंच आहे.”

त्यांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर. वाचून दाखवलं नाही मी. आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मी. बाबांना कोणी न वाचता अंगठा लावायला सांगितलं तर मी भांडले असते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गेटजवळच्या फळ्यावर आज १४२. ‘दोरी न ओढल्याचे दिवस’. आकडा शून्य झालाच नाही! चुकून ओढलेली धरत नाहीत म्हणे. म्हणजे ‘चुकून’ शांताबाईंसाठी नव्हतं. फळ्यासाठी होतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

२० तारखेला तानाबे-सान पुन्हा येतायत. त्यांच्यापुढे दाखवायच्या स्लाइड्स माझ्याकडे. विषय — ‘आशियाई व्यवस्थापन आणि आपण’. सरांनी मुद्दे दिले : जपानची शिस्त, कोरियाचा वेग, चीनचा आवाका, भारताचं कुटुंब.

चार दिवस वाचून राहिलेय. जे वाचलं त्यात कुठेच एका शब्दाचा देश नाही. कोरियात साहेब उठेपर्यंत खालचा उठत नाही, आणि तिथलीच तरुण पोरं आता त्याला कंटाळली आहेत. चीनमध्ये आधी ओळख, जेवण, मग काम. यात शिकण्यासारखं काय आहे? सदर बाजारातल्या कुठल्याही सराफाला विचारा, चहा पाजल्याशिवाय डबी उघडत नाही. साहेबाच्या आधी घरी न जाणं तर आमच्याकडे आयात न करताच आहे. काल यशदीप — स्टोअरमधला — सहा वाजता बॅग उचलून निघाला तर सरांनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाकडेच पाहिलं फक्त. तो परत बसला. काम काहीच नव्हतं त्याला.

जपानकडून आम्ही काय घेतलं? जमिनीवरचे पिवळे पट्टे. हत्यारं टांगायला त्यांचे आकार रंगवलेले फळे. सकाळची कवायत — बाया पदर खोचून हात वर करतात, सुपरवायझर मोबाइलवर फोटो काढतो. आणि दोरी.

जूनमध्ये तानाबे-सान यांनी स्वतः दोरी ओढून दाखवली होती. कामगार झाले ते, आणि सुपरवायझर व्हायला सर उभे राहिले. दुभाषी म्हणाला, आता सुपरवायझरने धावत यायचं, वाकायचं आणि आधी ‘सांगितल्याबद्दल आभार’ म्हणायचं. काय बिघडलं ते नंतर विचारायचं. सर हसत हसत वाकले. सगळे हसले, मीही. आम्हाला तो नाच वाटला. मुख्य गोष्ट तीच होती, आणि ती सोडून बाकी सगळं आम्ही भिंतीवर लावलं!

‘भारताचं कुटुंब’ या स्लाइडवर काय टाकू ते सुचत नाही. कुटुंब म्हणे. या कुटुंबात बाया ठेकेदाराच्या, त्यांना कॅन्टीनमध्ये बसायला वेगळा बाक.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबांना सांगितलं. ते गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात आहेत, माझ्या जन्माआधीपासून. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक गंज, प्रत्येक पातेलं नखाने वाजवून बघतात. आवाज बसका आला की परत रॅकवर. माल परत आला, उशीर झाला, कप फुटला, काही झालं तरी त्यांचं एकच — “चूक झाली, सेठ.” चूक कोणाची का असेना. सेठ दोन शब्द बोलतो आणि पाच मिनिटांनी तोच चहा सांगतो. लहानपणापासून हेच पाहिलं मी. हात जोडून ‘चूक झाली’ म्हटलं की माणूस सुटतो. त्या शुक्रवारी निवेदन लिहिताना माझ्या डोक्यात तेच होतं, सरांनी काही नवीन शिकवलं नाही.

बाबा ऐकत होते. टीव्हीचा आवाज कमी केला.

“मी बोलतो,” म्हणाले. “बोललेलं दुकान बंद होईस्तोवर रायते. तू लिवलं, बाई. लिवलेलं सेठच्या कपाटात रायते.”

मग टीव्हीचा आवाज परत वाढवता वाढवता — “वाचून त दाखवायचं होतं तिले.”

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज दोन कागद माझ्याच हातून टाइप झाले.

पहिला ठेकेदाराला. शांताबाईंना टेस्टिंगवरून काढून गोदामात झाडायला द्यावं, आणि १ डिसेंबरपासून त्यांची गरज नाही. कारण — ‘निष्काळजीपणाने उत्पादन थांबवले, स्वतःच्या निवेदनात मान्य केले आहे.’ निवेदन सोबत जोडलंय. माझ्या अक्षरातलं. नऊ वर्षं काम केलंय त्यांनी तिथे.

दुसरा कागद नोटीस बोर्डासाठी, फोटोसकट. ‘महिन्याची उत्कृष्ट सुधारणा — श्री. यज्ञेश्वर.’ काय सुधारणा? कॉकमधल्या रबरी रिंगांची एक खेप खराब होती, ती सरांनी शोधून काढली. तीनशेच्या वर कॉक बाजूला निघाले, कोणाच्या स्वयंपाकघरात जायच्या आत. तारीख? ३१ ऑक्टोबर. दुपारची!

म्हणजे त्या अकरा मिनिटांत शोधली. लाइन थांबली म्हणून शोधता आली. बाईने थांबवली म्हणून थांबली. तिला झाडू आणि यांना फोटो. फोटोत टाय आहे. कारखान्यात टाय घातलेला कधी पाहिला नाही यांना.

दोन्ही कागदांवर ‘तयार करणार’च्या रकान्यात माझी सही लागते. केली. नेहमीसारखीच वळणदार आली, याचीच जास्त लाज वाटते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गोदामात गेले. शांताबाई खोक्यांवर बसून डबा खात होत्या. मी सगळं सांगितलं — काय लिहिलं होतं, कोणी सांगितलं, मी वाचून का नाही दाखवलं. सांगता सांगता रडू आलं. त्यांना राग येईल, बोलतील, असं वाटलं होतं. बोलल्याच, पण आपल्या पद्धतीने.

“काहून रडून राहिली? झाडू माया हातात हाय.”

मग म्हणाल्या, पुरानी बस्तीत त्यांच्या घराशेजारी देऊळ आहे, दिवसभर लहान-थोर घंटा वाजवतात. “देव कधी म्हनत नाही का चुकून वाजवली. तुमच्या साहेबाची घंटी लय नाजूक हाय व.”

शेजारच्या बाया हसल्या. त्याही हसल्या. डब्यातली लाल भाजी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

उठताना हळूच म्हणाल्या, “घरी सुनेले सांगतलं नाही अजून. नौ बरसात माया हातून एक गळका कॉक गेला नाही. अन् कागदावर मी निष्काळजी. कामाचं पाहून घेईन मी. तेवढं काढ.”

तेवढं काढ!

शनिवार, १५ नोव्हेंबर

सरांकडे गेले. निवेदन चुकीचं आहे, दुरुस्त करायचंय म्हटलं. पाठ केलेली वाक्यं होती, तरी मधलं एक विसरले.

ते रागावले असते तर सोपं होतं. त्यांनी चहा मागवला. “सुनेत्रा, तू अजून लहान आहेस. हे जपानी लोक शिस्तीचे. त्यांच्यासमोर आपली धुणी कशाला धुवायची? इथे परप्रांतात आपण मराठी माणसं मोजकी. एकमेकांना धरून राहायला हवं.”

शांताबाई काय जपानी आहेत? हे तिथे सुचलं नाही. बसमध्ये सुचलं.

पुढे म्हणाले, दुरुस्ती हवी तर रीतसर फॉर्म आहे, भर. मंजुरीची सही कोणाची? त्यांचीच. आणि माझं प्रोबेशन ३१ डिसेंबरला संपतं, ते त्यांच्या लक्षात आहे. “काळजी करू नकोस,” म्हणाले.

फॉर्म भरला. दोन प्रती काढल्या. एकीवर पोच घेतली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

फॉर्म परत आला. शेरा — ‘विषय बंद.’

आज पाहुण्यांच्या स्वागताची तालीम. टिळा लावायला मी. जागा खडूने आखून दिलीय — दोन नंबरच्या लाइनचं तोंड. दहा चाळीसला पाहुणे तिथे पोचतील. सर त्यांना फळा दाखवतील, त्यासाठी तो गेटवरून उचलून आत आणलाय. गुरुवारी त्यावर १५७ असेल.

खडूच्या चौकोनात उभी राहिले. वर पाहिलं. दोरी डोक्यावरच आहे.

घरी येऊन जूनची ट्रेनिंगची वही काढली. माझंच अक्षर, दुभाष्याचं एकेक वाक्य उतरवलेलं. ‘दोरी कोणीही ओढू शकतो. नवीन माणूस, वॉचमन, पाहुणा.’ आणि त्याखाली — ‘जिथे दोरी ओढली जात नाही, तिथे मला भीती वाटते. लोक काही लपवतात.’ हे मी लिहून घेतलं होतं. खाली रेघसुद्धा मारली होती. आणि त्याच हाताने १५७ दिवसांची स्लाइड बनवली!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शांताबाईंना विचारलं, परवा पाहुण्यांसमोर दोरी ओढून तुमचं नाव घेतलं तर चालेल का? “घे,” म्हणाल्या. “अन् हिसका देऊन ओढजो. अर्धी ओढली त वाजत नाही.”

निवेदनाची प्रत, ३१ तारखेचा, तीन गळके कॉक नोंदलेला टेस्टिंगचा कागद, परत आलेला फॉर्म — तिन्ही टिळ्याच्या थाळीत, रुमालाखाली. बाबांना सांगितलंय. त्यांनी थाळी नखाने वाजवून पाहिली.

लाइन थांबली की विचारतात, काय बिघडलं? मी सांगेन — मी लिहिलेला कागद.

वेळ ठरलीय — गुरुवार, २० नोव्हेंबर. दहा वाजून चाळीस मिनिटं.