ताप उतरला त्या दिवशी

तीर्थरूप माय,
लिंबायतहून गजेंद्रचा पाया पडून नमस्कार.

कुंदनची काळजी सोड. धाकट्याने काल वाटीभर खिचडी खाल्ली, वर तुझ्या हातचं लोणचं मागितलं. डेंग्यूत पेशी बावीस हजारांवर आल्या होत्या, आज नव्वद हजार भरल्या. उद्या घरी सोडतील.

फोनवर बोलताना तो शेजारीच असतो, म्हणून एक गोष्ट लिहून सांगतो. चौथ्या दिवशी त्याचा ताप उतरला. डॉक्टरांनी बजावलं होतं की ताप गेल्यावरच पेशी पडतात, रोज रक्त तपासा. पण माझी पाळी संपवून चार दिवस कारखान्यात त्याच्या कापडाच्या लूमवरही मीच उभा होतो. त्याचं अंग गार लागलं आणि मी म्हणालो, "ऊठ, आज तुझी पाळी तू कर." तो उठून कामावर गेला. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठे मी त्याला दवाखान्यात दाखल केलं.

अण्णांचा गुडघा कसा आहे? हर्षदाचे पेपर संपले का?

कुंदन तुला सांगेल, "मीच हट्टाने कामावर गेलो." मलाही तसंच सांग म्हणतो. माय, ते खरं धरू नकोस.

तुझा थोरला,
गजेंद्र